सूर सोडताना दुखतं

तोंडात फार तर बत्तीस दात. त्यातला नेमका कुठला दुखतोय, हे ज्याचं तोंड आहे त्यालाच सांगता येत नाही! पायात काटा गेला तर डोळे मिटूनही बोट बरोबर काट्यावर जातं. डास चावला तर आपण झोपेतसुद्धा तिथंच खाजवतो. आणि दात? जीभ दिवसभर त्याच्या दारावरून येजा करते, तरी पत्ता लागत नाही. हे मला या मे महिन्यात कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलेय.

मी ट्रिशा. नववी संपली, आता दहावी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली पडायचा. मग ईस्टरला देवळात वाचन करणारी मुलगी तापाने झोपली आणि सिस्टरनी मला माइकसमोर ढकललं. माझा आवाज एवढ्या मोठ्या देवळात फिरून परत माझ्याकडे आला आणि मला वाटलं, अरेच्चा, हा तर बरा आहे की! तेव्हापासून मी थांबलेली नाही. मम्मी म्हणते, फादर त्या दिवशी माइक बंद करायला विसरले, तो अजून चालूच आहे.

तर, दात माझा नव्हता. पपाचा होता.

माझा पपा मॅन्युएल. उत्तनला आमच्या दारात माडाखाली बसून तो गावातल्या बोटींची फाटकी जाळी सांधतो. आधी स्वतः बोटीवर जायचा, पण गुडघ्यांनी संप केला. हे त्याचं पोटाचं काम. पण कुणी विचारलं, काय करता, तर तो म्हणतो, "मी वाजवतो." गावच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवतो. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका, गुबगुबीत भाऊ. पपा त्याला रोज मऊ फडक्याने पुसतो. मम्मी म्हणते, मला एवढं कधी पुसलं नाही.

या मे महिन्यात माझ्या मोठ्या बहिणीचं, टॅनियाचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी 'उंबराचं पाणी' असतं. बायका नटूनथटून, वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशा भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पुढे बँड, मागे सगळा गाव नाचत. टॅनियाने फ्रॉकच्या वयातच पपाकडून कबूल करून घेतलं होतं, की माझ्या उंबराच्या पाण्याला तूच वाजवायचं. एरवी नवरीचा बाप त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यांना हात जोडत फिरतो. त्यावरून पपाला सगळे चिडवायचे, "काय रं मॅन्युएल, नवरीचा बाप का बँडवाला?" पपा म्हणायचा, "दोनी. जेवाय दोनदा बसनार."

लग्न जवळ आलं तसा पपा रोज संध्याकाळी परसात सराव करायला लागला. उंबराच्या पाण्याला वाजवायच्या चालीत एक लांबलचक सूर आहे. तो वर चढतो, तिथं थांबतो, आणि मग पपा त्याला सोडतो. मी पायरीवर बसून ऐकत होते. सूर चढला. पपाचा चेहरा एकदम शांत. सूर थांबला. शांत. सूर सोडला, ओठ मिटले, आणि पपाने असा चेहरा केला की जणू कुणी कानाखाली वाजवली.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"मग तोंड असं का केलंस?"

"माजं तोंड असंच हाय. तुजं पन माज्यावरच गेलंय."

मी पुढे दोन-तीन दिवस फक्त पपाच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग चिंबोऱ्या आल्या. आमच्या घरात चिंबोरीची नांगी कुणाला फुटली नाही, की ती पपाच्या ताटात टाकायची पद्धत आहे. पपा उजव्या दाढेखाली धरून कडकन फोडतो आणि परत देतो. पाहुण्यांच्यासुद्धा! त्या दुपारी मी माझी नांगी त्याच्या ताटात टाकली, तर पपा उठला, वरवंटा घेऊन आला आणि ती जमिनीवर ठेचली.

मम्मी, म्हणजे लुईझा, जिच्यापासून या घरात काही लपत नाही, भाताचा डाव हातात धरून तशीच थांबली. "दात दुखतोय तुजा."

"न्हाय."

"दुखतोय. आ कर."

पपाने 'आ' केला नाही. पण आता गुपित फुटलं होतं, त्यामुळे त्याने निदान कण्हायला सुरुवात केली.

मग सुरू झाले उपाय. मम्मीने लवंग दिली, ती पपाने दाढेत धरली. थोडा वेळ बरं वाटलं आणि जीभ बधिर झाल्यामुळे तो बराच वेळ बोलला नाही, म्हणून मम्मीलाही बरं वाटलं. मग मिठाची पोटली तव्यावर गरम करून गालाला शेक. शेजारून कुणी सांगितलं लसूण ठेचून लाव. पपाने स्वतःचं डोकं चालवून दुखण्याची गोळी फोडली आणि तिची पूड थेट हिरडीवर दाबून ठेवली. "पोटात जाऊन परत वर कशाला येयाला पायजे? सरळ घरी पोचवली."

मला खरं तर हे पटलं होतं तेव्हा. पण माझा प्रश्न वेगळाच होता. दुखतोय कुठला?

"पपा, बोट ठेव."

पपाने बोट ठेवलं खालच्या उजव्या दाढांवर. मग थोडं मागे. मग म्हणाला, "हितं... न्हाय, हितं. कानात पन हाय जरा."

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि शेवटी एकदाचा 'आ' करून घेतला. आणि दिसला! खाली उजवीकडे, मागून दुसऱ्या दाढेवर चांगला काळाकुट्ट डाग. मी एवढ्या जोरात "सापडला!" म्हणाले की टॅनिया आतून साडीची पिन तोंडात धरूनच धावत आली.

"कीड आहे," मी जाहीर केलं. "गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्यावर जगतात आणि आम्ल सोडतात, त्याने दाताला भोक पडतं. भोक आतल्या नसेपर्यंत गेलं की दुखतं. आम्हाला सातवीत होतं. डेंटिस्टकडे चल."

"न्हाय जानार."

"घाबरतोस?"

पपा चिडला नाही, हेच मला विचित्र वाटलं. तो उठून कॉर्नेट पुसायला बसला, आणि फडक्याकडे बघतच म्हणाला, "सायमन मास्तर ठावूक हाय ना तुना?"

सायमन मास्तरांनी पपाला वाजवायला शिकवलं. मी लहान असतानाच ते वारले, पण आमच्या घरात त्यांचा फोटो येशूच्या फोटोच्या जरा खाली आहे. "मास्तरांचे दात गेले," पपा म्हणाला, "नं त्यांचा सूर गेला. फुस्स. नुसती हवा. भरल्या लग्नात. मंग त्यांनी कॉर्नेट माज्या हातात दिला नं परत कधी तोंडाला लावला न्हाय. दात काढला का सूर गेला, पोरी. लगीन होऊदे. मंग काय काढायचं ते काढा. वरचे काढले तर म्हनं डोला पन जातो."

टॅनिया हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. तिने पिन तोंडातून काढली. "पपा, नको वाजवूस. आपण गोराईचा बँड बोलवू. खरंच मला काही वाटणार नाही."

टॅनियाला खोटं बोलता येत नाही. पपाने मान हलवली, कॉर्नेट पेटीत ठेवला आणि कडी लावली. त्या संध्याकाळी परसात कुणी वाजवलं नाही. घर असं झालं की विचारू नका.

आता माझं डोकं बघा. सगळे रडवेले झालेले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मास्तरांचे दात गेले. बरं. पण कुठले?

हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं! मी पपाला विचारलं तर तो म्हणाला, "दात म्हंजे दात." म्हणून दुसऱ्या दिवशी मी सरळ फिलू आंटीकडे गेले. फिलू आंटी म्हणजे सायमन मास्तरांची बायको. तीन गल्ल्या सोडून राहते आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते.

"आंटी, मास्तरांचे कुठले दात गेले होते?"

"आगो, कोनाचे दात बघायला निगालीस सकालच्या पारी?"

"सांग ना. महत्त्वाचं आहे. टॅनियाच्या लग्नाचं आहे."

फिलू आंटीने डोळे बारीक केले. "पुडले चार. जेटीवर शेवालावर पाय सरकला नं आडवा पडला तोंडावर. चार पन दात तितंच. मी येचायला गेले तर म्हनतो, ऱ्हाऊदे, माशांना घाल."

"आणि दाढा?"

"दाढा?" आंटी असं हसली की ओट्यावरची मांजर उठून गेली. "दाढा त्याच्यासंगती कबरीत गेल्या. एक पन किडलेली न्हाय. शेवटपर्यंत सुका बोंबील कडाकडा चावायचा, मना झोप लागू देत न्हवता."

पुढचे चार! मी धावत घरी आले, पेटीची कडी काढली आणि पपा माडाखाली असताना गुपचूप कॉर्नेट तोंडाला लावला. फुर्रर! म्हैस नदीतून बाहेर येते तसा आवाज. पण मला आवाज नको होता, मला बघायचं होतं. कॉर्नेटचं वाटीसारखं तोंड ओठांवर टेकतं आणि ओठ पुढच्या दातांवर टेकतात. दाढा? दाढा तर मागे सुट्या लटकत असतात, एकमेकींना लागतही नाहीत. मी दाढा घट्ट आवळून फुंकून बघितलं, तर हवा नीट जाईचना.

पपा दारात उभा होता. फुर्रर ऐकून आला असणार.

"तूच बघ," मी कॉर्नेट त्याच्यापुढे धरला. "मास्तरांचे पुढचे दात गेले होते. फिलू आंटीला विचार. ओठाला मागे टेकायलाच काही उरलं नाही, म्हणून हवा गेली. तुझी दुखतेय दाढ. दाढेने कोण वाजवतं?"

पपाने कॉर्नेट घेतला. तोंडाला लावला, फुंकला नाही. जिभेने आत काहीतरी चाचपत होता.

"निस्ता दाखवायला जाऊ," तो म्हणाला. "काढायचं नाव काढलं तर मी तितनं उटून येनार."

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर, डॉक्टर मिनल यांचा दवाखाना आहे. टॅनियाने तिच्या दातांची तार तिथंच लावली होती. पपा कॉर्नेटची पेटी मांडीवर घेऊनच बसमध्ये बसला, आणि तशीच घेऊन दवाखान्यातही. समोर एक माणूस तोंडात कापसाचा बोळा धरून बसला होता. तो पेटीकडे बघत राहिला. दातांच्या डॉक्टरकडे एवढं मोठं काय दाखवायला आणलंय, असं त्याला वाटलं असणार.

डॉक्टर मिनल मास्कच्या वरून नुसत्या डोळ्यांनी हसतात. "बोला अंकल, काय होतंय?"

अंकलने माझ्याकडे बोट केलं.

"खालची उजवी, मागून दुसरी," मी म्हटलं. "कीड आहे. काळा डाग आहे. मी बघितलाय."

"अच्छा! केस सॉल्व्ह करूनच आणलीस?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्यांनी टोकदार सुईने तो डाग खरवडला, आरशाने बघितला, पुन्हा खरवडला. "हा नुसता डाग आहे. कडक आहे, सुई अडकत नाहीये कुठे. चहा, सुपारी, वय. ही दाढ ठणठणीत आहे."

माझा आरोपी निर्दोष सुटला. माझे कान गरम झाले, पण खरं सांगू? लाजेपेक्षा उत्सुकता जास्त होती. मग कोण?

डॉक्टरांनी कापसाचा छोटा गोळा बर्फासारखा गार केला आणि खालच्या एकेका दाढेला लावला. पपा निवांत. मग वरच्या. एक, काही नाही. पुढची, आणि पपाचे दोन्ही पाय खुर्चीवरून उडाले.

"पन दुखतंय खाली!" पपा ओरडला.

"दुखतंय वरच. वाटतंय खाली." डॉक्टर माझ्याकडे वळल्या, कारण माझं तोंड पपापेक्षा मोठं उघडलं होतं. "मी इंद्रलोकला राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये डाग पडतो दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर आणि फुटलेला पाइप निघतो चौथ्या मजल्याचा. तसंच. वरच्या आणि खालच्या दाढांच्या नसा पुढे जाऊन एकाच मोठ्या नसेला मिळतात. मेंदूला एवढंच कळतं की उजव्या बाजूने ओरड आली. कुठल्या मजल्यावरून, त्यात घोटाळा होतो. म्हणून कानातही दुखतं."

"पण वरच्या दाढेला भोक कुठाय?" मी विचारलं.

"तेच बघतेय मीपण. एक्स-रेमध्ये पण काही खास नाही." त्यांनी एक छोटी प्लॅस्टिकची काडी त्या दाढेच्या एका टोकावर ठेवली. "अंकल, चावा. जोरात. दुखतंय?" पपाने मान हलवली, नाही. "आता सोडा."

पपाने सोडलं, आणि त्याचा चेहरा तसाच झाला. परसातला चेहरा!

"सोडताना!" मी उभीच राहिले. "सोडताना दुखतं! वाजवतानासुद्धा सूर लावताना काही होत नाही, सूर सोडून तोंड मिटलं, एकदा दाढा दाबल्या आणि उघडल्या, की दुखतं. मी रोज बघतेय!"

डॉक्टर थांबल्या. मास्क खाली केला. "हे तू बघितलंस? आणि मला कीड सांगत बसलीस? हे आधी सांगायचं ना, वेडे."

मग त्यांनी खोलीतला दिवा घालवला आणि एक बारीक, पांढऱ्या उजेडाची काडी पपाच्या दाढेला बाजूने टेकवली. मला जवळ बोलावलं. मी आरशात बघितलं. अर्धी दाढ आतून उजळली होती, ऊन लागलेल्या शिंपल्यासारखी पिवळसर, गुलाबी. आणि मधोमध एक रेघ. रेघेच्या अलीकडे उजेड, पलीकडे काळोख. उजेड रेघ ओलांडून जातच नव्हता! मला आठवणारी ती सगळ्यात सुंदर दाढ आहे. मी आणखी कुणाची बघितलेली नाही, पण तरी.

"चीर," डॉक्टर म्हणाल्या. "तडा गेलाय. चावलं की चीर किंचित फाकते, सोडलं की दोन्ही बाजू झटकन मिटतात. दाताच्या आत बारीक बारीक नळ्या असतात, त्यातलं पाणी हलतं आणि नस दचकते."

"वलांडीवरच्या चिरलेल्या बांबूसारखं," मी पपाला सांगितलं. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूचा उंच मांडव, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. "दाबला तर काही नाही, सोडला की कातडी चिमटीत पकडतो."

पपाने मान डोलवली. बांबू त्याला पटला.

"आता खरं सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "दातांनी काय काय तोडता? इथे या कडेला एक खाच आहे. दोरा रोज घासून पडते तशी."

"काय न्हाय."

"नायलॉन!" मी म्हटलं. "जाळ्याचा दोरा. प्रत्येक गाठीनंतर असा, इथूनच, याच बाजूने. कात्री शेजारी पडलेली असते. आणि चिंबोरीच्या नांग्या. सगळ्यांच्या! पाहुण्यांच्यासुद्धा!"

"घरची भेदी," पपा पुटपुटला.

"आणि हे हिरडीवर पांढरं काय? गोळी ठेवली होतीत ना?"

पपाने आता माझ्याकडे बघितलंच नाही.

"अंकल, गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून दाताकडे येते. तोच तिचा रस्ता. हिरडीवर ठेवली तर ती हिरडी भाजून काढते. बघा, सालपट निघालंय. आणि आंटीला सांगा, गरम शेक बंद. कधी गालाला सूज आली, ताप आला, तर शेकत बसू नका, सरळ इकडे या."

पपाने पेटीवरचे हात घट्ट केले. "काढायची का दाढ?"

"का काढायची? आत्ता तिला बाहेरून स्टीलची रिंग घालते, म्हणजे चीर फाकणार नाही. थोडे दिवस बघू. दुखणं थांबलं तर आतली नस शाबूत आहे, वर कॅप बसवू. नाही थांबलं तर नस साफ करून, म्हणजे रूट कॅनल करून, मग कॅप." मग त्यांनी पुन्हा आरशाने बघितलं. "चीर खाली मुळापर्यंत गेली असेल तर मात्र काढावी लागेल. ते मी आज छातीठोक नाही सांगू शकत. आणि वरची दाढ काढून कुणाची नजर जात नाही हां. ज्यांची जाते ना, त्यांना बहुतेक मोतीबिंदू असतो आणि नाव दाढेचं होतं."

"नं ह्ये?" पपाने पेटीवर थाप मारली.

"काय आहे त्यात?"

पपाने कडी काढली. डॉक्टरांना वाटलं तो नुसता दाखवतोय. पण तो खुर्चीवरच सरळ बसला, गळ्यात दवाखान्यात बांधलेला निळा कागदी रुमाल तसाच, आणि वाजवायला लागला. केबिन रोडवर आधीच हॉर्न, भाजीवाले, रिक्षा, पण त्या छोट्याशा खोलीत तो सूर असा भरला की आरसे, चमचे, सुया सगळं ट्रेमध्ये किणकिणायला लागलं. बाहेरचा माणूस कापसाचा बोळा धरून दारात आला. डॉक्टर पपाच्या गालाजवळ वाकून, टॉर्च धरून बघत होत्या. सूर चढला, थांबला.

"आता सोडताना दात दाबू नका!" डॉक्टर ओरडल्या. "ओठ मिटा, दाढा सुट्या ठेवा!"

पपाने सूर सोडला. त्याचा चेहरा हलला, पण तो चेहरा नाही झाला.

"वाह भाई वाह," कापसातून आवाज आला.

रिंग बसली. पपाला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या, उजवीकडून चावायचं नाही आणि दातांनी काहीही तोडायचं नाही. घरी आल्यावर मम्मीने कात्री सुतळीला बांधून पपाच्या गळ्यात घातली, शाळेच्या पोराला पाण्याची बाटली अडकवतात तशी. पपा म्हणाला, मी घालनार न्हाय. मम्मी म्हणाली, मग नायलॉन तोड दातानं नं गोराईचा बँड बोलव. पपाने घातली.

टॅनियाला कुणी काही सांगितलं नाही. संध्याकाळी परसात कॉर्नेट वाजला तेव्हा ती मेंदीचे हात वर धरून दारात येऊन उभी राहिली आणि तिला नाक पुसता येईना. मी पुसलं. बहीण म्हणजे काय काय करावं लागतं.

उंबराच्या पाण्याच्या दिवशी सगळा गाव आमच्या दारात. लुगडी, वेण्या, अबोलीचे गजरे, पुढे बँड आणि बँडच्या पुढे पपा. बँडचा लाल कोट आणि कोटाच्या आत लपवलेली कात्री, तरी सुतळी गळ्याशी दिसतच होती. विहिरीशी पोचलो. बायकांनी कळशा सोडल्या, भरल्या, वर ओढल्या. टॅनियाच्या कळशीला फुलांची माळ बांधायची होती, आणि कुणाला तरी माळेचा दोरा जास्त लांब वाटला.

"मॅन्युएल, जरा दोरा तोड रं."

इतक्या वर्षांची सवय ती. पपाने कॉर्नेट काखेत धरला, दोरा उचलला आणि मान वाकडी करून उजव्या दाढेकडे नेला.

"ए!" मी ओरडले. मम्मी ओरडली. टॅनिया ओरडली. आणि सगळ्यात मोठ्याने फिलू आंटी ओरडली, जिला मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि जिने ती पुढे सगळ्या गावाला सांगितली होती. "दात नको, मॅन्युएल! दात नको!" मग काय, सगळ्या बायका टाळ्या वाजवून तेच ओरडायला लागल्या. पपाने लाल होऊन कोटात हात घातला, कात्री काढली आणि दोरा कापला. कच्च.

मग त्याने कॉर्नेट तोंडाला लावला.

ती चाल मी हजारदा ऐकलीय, पण विहिरीपाशी ऐकली नव्हती. सूर खाली पाण्याला लागून परत वर येत होता. लांबलचक सूर आला. चढला. थांबला. टॅनिया डोक्यावर कळशी घेऊन पपाकडे बघत उभी होती, आणि सगळ्या गावात एक मीच पपाच्या ओठांकडे बघत नव्हते, गालाकडे बघत होते, जबड्याकडे.

त्याने सूर सोडला.

मी गर्दीतून घुसून त्याच्याजवळ पोचले. "दुखलं? सोडताना?"

पपाने जिभेने रिंग चाचपली. मग खरं सांगितलं. "हाय जरा. पैल्यापरीस लय कमी."

"कुठे?"

त्याने बोट उचललं आणि गालावरून ठेवलं. वर. उजवीकडे. बरोबर त्याच दाढेवर, जरासुद्धा इकडे तिकडे नाही.

"मग सोमवारी परत केबिन रोड," मी म्हटलं. "मला तो उजेड पुन्हा बघायचाय."

"गप," पपा म्हणाला, "नवरी पानी घेऊन थांबलीय," आणि पुन्हा वाजवायला लागला.